पाने पोखरणारा ओह्रिडचा पतंग : मूलस्थानाच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना

व्हिएन्नाच्या प्राटर उद्यानातील राजरस्त्यावर, म्युनिकच्या बिअरच्या बागांत, लंडनच्या उपनगरांतील मैदानांच्या कडेने सावलीसाठी लावलेला हॉर्स-चेस्टनट हा वृक्ष युरोपीय नागर जीवनाचा एक अविभाज्य भाग मानला जातो. १९९० च्या दशकापासून या वृक्षाच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. ऑक्टोबरमध्ये पिवळी पडावयाची पाने जुलै-ऑगस्टमध्येच तपकिरी होऊन वाळू लागली व ऐन उन्हाळ्यात झाडे पानगळीस आल्यासारखी दिसू लागली. या नुकसानीस कारणीभूत असलेला पतंग जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचा आहे. 'कॅमेरारिया ओह्रिडेला' हे त्याचे शास्त्रीय नाव.

या पतंगाविषयी सर्वांत आश्चर्याची बाब त्याचा उपद्रव ही नसून त्याची अनामिकता ही होय. युरोप हा कीटकशास्त्रीय दृष्ट्या जगातील सर्वांत बारकाईने पाहिला गेलेला खंड. तेथे अठराव्या शतकापासून हौशी संग्राहकांनी फुलपाखरे व पतंग टाचणीला टोचून जपले, त्यांच्या याद्या केल्या, चित्रे काढली. अशा खंडात, इतक्या परिचित वृक्षावर, इतक्या मोठ्या संख्येने राहणारा पतंग १९८४ पर्यंत कोणाच्याही नोंदीत नव्हता. तो नवा होता, की केवळ न पाहिलेला? बाहेरून आलेला होता, की घरचाच? या प्रश्नावर सुमारे पाव शतक मतभेद राहिले. त्याचे उत्तर अखेर कीटकांच्या संग्रहांतून नव्हे, तर वनस्पतींच्या संग्रहांतून मिळाले. ते कसे मिळाले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पतंगाचे स्वरूप व जीवनक्रम

हा पतंग ग्रॅसिलॅरिइडी या कुलातील आहे. या कुलातील बहुतेक अळ्या पानाच्या वरच्या व खालच्या पापुद्र्यांच्या मधील हिरवा गर खाऊन जगतात. महाराष्ट्रातील वाचकांना हे कुल अगदीच अपरिचित नाही. विदर्भातील संत्र्याच्या कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेषा उमटविणारी नागअळी ही याच कुलातील असून १८५६ मध्ये इंग्रज कीटकशास्त्रज्ञ स्टेन्टन यांनी कलकत्त्याहून आलेल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले होते. नागअळीची वाट सापासारखी वळत जाते. ओह्रिडच्या पतंगाची अळी मात्र पानाच्या दोन शिरांमधील जागा पोखरून तेथे चट्टा तयार करते.

प्रौढ पतंगाचे पुढचे पंख चकचकीत तांबूस-तपकिरी असून त्यांवर काळ्या कडांचे रुपेरी पांढरे पट्टे असतात. एप्रिल-मे महिन्यांत, झाड फुलावर येण्याच्या सुमारास, जमिनीवरील गतवर्षीच्या कुजक्या पाल्यातून हे पतंग बाहेर पडतात व सकाळी झाडाच्या बुंध्यावर मोठ्या संख्येने बसलेले आढळतात. मादी पानाच्या वरच्या बाजूस शिरांच्या कडेने एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी थेट पानात शिरते. आरंभी ती केवळ रस शोषते, पुढे गर खाऊ लागते. चट्टा पडलेले पान उजेडासमोर धरले असता आतील अळी व तिची विष्ठा स्पष्ट दिसते. वाढ पूर्ण झाल्यावर अळी त्या पोकळीतच कोष करते. उन्हाळ्यात ही कोषावस्था सुमारे दोन आठवड्यांची असते. शरदातील शेवटच्या पिढीचे कोष मात्र गळलेल्या पानांतच हिवाळा काढतात. वर्षाकाठी साधारणतः तीन पिढ्या होतात, उष्ण व कोरड्या हवामानात त्याहून अधिक. पहिली पिढी विरळ असते, दुसरी तिच्या कितीतरी पटींनी वाढते. त्यामुळेच झाड मे महिन्यात निरोगी दिसते आणि ऑगस्टमध्ये होरपळल्यासारखे.

कडाक्याच्या थंडीतही हे कोष तग धरतात. या जीवनक्रमातील दोन गोष्टी पुढील विवेचनासाठी महत्त्वाच्या आहेत. एक, आयुष्याचा बहुतांश काळ हा कीटक पानाच्या आत बंदिस्त असतो. दोन, गळलेले पान जेथे जाईल तेथे त्याचा कोषही जातो.

शोध व प्रसार

तत्कालीन युगोस्लाव्हियातील मॅसेडोनिया प्रजासत्ताकात, ओह्रिड सरोवराच्या परिसरात १९८४ मध्ये हॉर्स-चेस्टनटची पाने पोखरलेली आढळली. ऑस्ट्रियाचे गेरफ्रीड डेश्का व युगोस्लाव्हियाच्या नेवेंका दिमिच यांनी १९८६ मध्ये ही नवी जाती म्हणून प्रसिद्ध केली व सरोवराच्या नावावरून तिचे नामकरण केले. या पतंगाचा समावेश ज्या 'कॅमेरारिया' प्रजातीत करण्यात आला, त्या प्रजातीचा एकही प्रतिनिधी तोवर युरोपात ज्ञात नव्हता. ही बाब पुढील वादाचे मूळ ठरली.

१९८९ मध्ये हा पतंग ऑस्ट्रियात लिन्झ शहराजवळ आढळला. ओह्रिडपासून हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी आठशे किलोमीटरहून अधिक भरते, व मधल्या प्रदेशातून तो टप्प्याटप्प्याने सरकत गेल्याची साखळी दिसत नाही. तेथून पुढील दशकभरात जर्मनी, चेक प्रजासत्ताक, हंगेरी, इटली, स्वित्झर्लंड असा त्याचा विस्तार होत गेला. जुलै २००२ मध्ये लंडनमधील विम्बल्डन येथे त्याची नोंद झाली व पुढील काही वर्षांत इंग्लंड-वेल्सचा बहुतांश भाग त्याने व्यापला.

इतका नाजूक पतंग स्वतःच्या पंखांवर वर्षाला कित्येक किलोमीटर जाणे संभवनीय नव्हते. प्रसाराच्या नोंदींवरून संशोधकांनी असे दाखवून दिले, की त्याची चाल लांब उड्यांची होती आणि या उड्या दाट लोकवस्तीच्या ठिकाणी पडत होत्या. मोटारगाड्यांत अडकलेली पाने, मालवाहू ट्रक, रेल्वेचे डबे यांतून तो प्रवास करीत होता. सैन्याच्या वाटा अभ्यासाव्यात तसा या पतंगाच्या प्रसाराचा नकाशा रस्त्यांच्या नकाशाशी ताडून पाहावा लागतो.

प्रतिकाराचे उपाय फार नव्हते. प्राग येथील संशोधकांनी १९९९ मध्ये मादीच्या लैंगिक गंधद्रव्याची रासायनिक घडण शोधून काढली व त्यामुळे नरांना आकर्षित करणारे सापळे तयार करता आले. परंतु हे सापळे पतंगाचे अस्तित्व कळण्यासाठी अधिक उपयोगी ठरले, त्याला आवरण्यासाठी कमी. सर्वांत परिणामकारक ठरला तो झाडूच. शरदात गळलेला पाला गोळा करून जाळणे वा नीट तापलेल्या खतात कुजविणे, एवढ्याने पुढील वसंतातील पहिली पिढी बरीच घटते.

वृक्षाचा पूर्वेतिहास : एक जुनी चूक

पतंगाच्या मूलस्थानाचा वाद समजण्यासाठी प्रथम वृक्षाच्या मूलस्थानाचा वाद पाहणे आवश्यक आहे, कारण तो वृक्षही एकेकाळी युरोपात असाच परका गणला गेला होता.

पश्चिम युरोपातील विद्वानांना हॉर्स-चेस्टनटची पहिली माहिती कॉन्स्टँटिनोपलहून मिळाली. तेथील हॅब्सबर्ग राजदूत बुसबेक यांच्या पदरी असलेला वैद्य विलेम क्वाकेलबीन याने १५५७ मध्ये इटालियन वनस्पतिज्ञ मात्तिओली यांना लिहिलेल्या पत्रात या फळाचा उल्लेख केला. तुर्क लोक ही फळे आजारी घोड्यांना देतात, असे त्याने कळविले आणि वृक्षाच्या नावात घोडा आला तो येथून. १५७६ मध्ये राजदूत डेव्हिड उंगनाड यांच्यामार्फत बिया व्हिएन्नास पोहोचल्या व क्लूसियस यांनी त्या तेथे रुजविल्या. पुढील दोन शतकांत हा वृक्ष युरोपभर राजे-सरदारांच्या उद्यानांत पसरला.

बिया तुर्कांच्या राजधानीतून आल्या, म्हणून वृक्ष पूर्वेकडचा, असे गृहीत धरले गेले. १७५३ मध्ये लिनियस यांनी त्याचे वसतिस्थान आशियाच्या उत्तर भागात असल्याचे नोंदविले. पुढे काहींनी इराण, तर काहींनी भारताचे नाव घेतले. भारताचे नाव येण्यास एक सबळ कारण होते. हिमालयाच्या पश्चिम भागात याच प्रजातीतील एक वृक्ष खरोखरच वन्य अवस्थेत आढळतो. कुमाऊँ-गढवालमध्ये त्यास 'पांगर' म्हणतात. (महाराष्ट्रातील लाल फुलांच्या पांगाऱ्याशी त्याचा काहीही संबंध नाही, केवळ नामसाधर्म्य.) तथापि पांगर ही वेगळी जाती आहे. नात्याने जवळ असलेल्या वृक्षाच्या घरी युरोपीय वृक्षाचे घर शोधण्याचा हा प्रकार होता.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन हॉकिन्स या इंग्रज प्रवाशाने ग्रीसच्या डोंगरांत हा वृक्ष रानात उगवलेला पाहिल्याचे सांगितले होते. ती माहिती ग्रीक वनस्पतींवरील ग्रंथात १८०६ मध्ये छापलीही गेली. परंतु ग्रंथाला ग्रंथ जोडून विचार करणाऱ्या विद्वानांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले. अखेर अथेन्सच्या वनस्पती उद्यानाचे संचालक थिओडोर फॉन हेल्डराइख यांनी १८७९ मध्ये ग्रीसमधील दुर्गम डोंगरी भागातून या वृक्षाचे वन्य नमुने गोळा केले व त्याच वर्षी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. अल्बानिया, आजचे उत्तर मॅसेडोनिया व ग्रीस येथील ओलसर घळी, तसेच बल्गेरियातील एक छोटेसे क्षेत्र, हीच या वृक्षाची जन्मभूमी, हे त्यानंतर सिद्ध झाले. सव्वातीनशे वर्षे ज्या वृक्षाला आशियाई म्हटले गेले, तो बाल्कनमधलाच निघाला.

पतंगाविषयीचा वाद

शंभर वर्षांनंतर पतंगाच्या बाबतीत नेमका हाच क्रम पुन्हा घडला. पुरावा नसताना आणि असताना विद्वानांची बुद्धी कशी चालते, हे पाहण्यास हा योगायोग उद्बोधक आहे.

एका मतानुसार पतंग अमेरिकेतून आला. कॅमेरारिया प्रजातीच्या बहुसंख्य जाती उत्तर अमेरिकेत आहेत व त्यांतील एक तेथील हॉर्स-चेस्टनटच्या आप्तवृक्षांवरच जगते. दुसऱ्या मतानुसार तो पूर्व आशियातून आला, कारण तेथेही या प्रजातीचे पतंग व या वृक्षाच्या जाती आहेत, आणि जपानी हॉर्स-चेस्टनटवर ओह्रिडचा पतंग सहज वाढतो. तिसरे मत असे, की मॅपल वृक्षावरील एखाद्या कीटकाने आपले यजमान झाड बदलले. युरोपीय सिकामोर मॅपलवर त्याच्या अळ्या अधूनमधून आढळतात, हा त्याचा आधार.

बाहेरून आल्याच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद परजीवी गांधीलमाश्यांचा होता. मूळ प्रदेशात प्रत्येक पानपोखर अळीमागे तिच्यावर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्यांचा ताफा असतो. ओह्रिडच्या पतंगावर मात्र अशा माश्यांचे प्रमाण फारच अल्प होते, आणि ज्या होत्या त्या इतर पानपोखर अळ्यांवरून आलेल्या, कोणत्याही शिकारीस सरावलेल्या अशा. यावरून त्याचे शत्रू कोठेतरी मागे राहिले आहेत, असे अनुमान काढले गेले. हा केवळ पांडित्याचा वाद नव्हता. मूलस्थान अमेरिका असेल तर तेथून गांधीलमाश्या आणून युरोपात सोडाव्यात, आशिया असेल तर आशियातून, असा त्यातून व्यावहारिक कार्यक्रम निघत होता. चुकीच्या खंडात शोधलेला शत्रू निरुपयोगी तरी ठरला असता किंवा नवे संकट तरी.

मात्र हा युक्तिवाद वाटला तितका भक्कम नव्हता. बाल्कनच्या नैसर्गिक राईंमध्ये पाहणी झाली तेव्हा तेथेही परजीवींचे प्रमाण अल्पच आढळले. शत्रू नसणे हे परकेपणाचे लक्षण मानावे, तर पतंग आपल्या वृक्षाच्या घरातही परकाच ठरत होता.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने तराजू एका बाजूस झुकला. ८८ ठिकाणांहून घेतलेल्या ४८६ पतंगांच्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनएच्या तपासणीत २५ निरनिराळे प्रकार मिळाले. युरोपातील उद्याने व रस्ते येथील पतंगांत ही विविधता क्षीण होती. दक्षिण बाल्कनच्या रानटी राईंमध्ये ती विपुल होती. वसाहत करणारे थोडे असतात व मूळ गावी राहिलेले नाना प्रकारचे असतात, या न्यायाने बाल्कन हेच मूलस्थान असावे, असे अनुमान निघाले. तरीही ते वर्तमानावरून भूतकाळाविषयी काढलेले अनुमान होते. इतिहासाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर अस्सल कागद अद्याप सापडला नव्हता.

वनस्पतिसंग्रहातील साक्ष

तो कागद अक्षरशः कागदच निघाला. वनस्पतिशास्त्रज्ञ फांदी तोडून ती कागदांमध्ये दाबून वाळवितात, जाड पत्रावर चिकटवितात व कोपऱ्यात ठिकाण, दिनांक व संग्राहकाचे नाव लिहितात. अशी लाखो पत्रे युरोपातील हर्बेरियमांतून जपली आहेत. डेव्हिड लीस, कार्लोस लोपेझ-वामोंद व त्यांचे सहकारी यांनी हॉर्स-चेस्टनटची अशी जुनी पत्रे तपासण्यास घेतली. बर्लिनच्या वनस्पती उद्यानाचे वॉल्टर लाक हेही या गटात होते. हॉर्स-चेस्टनटच्या युरोपातील आगमनाचा इतिहास लाक यांनी पूर्वीच लिहिला होता. वृक्षाच्या शोधाचा इतिहासकार पतंगाच्या शोधातही असावा, हे यथायोग्यच म्हटले पाहिजे.

पानांवर चट्टे होते. चट्ट्यांत, पानासोबत दाबल्या गेलेल्या, वाळून चपट्या झालेल्या अळ्या होत्या. या अळ्यांमधून डीएनएचे तुकडे मिळविण्यात संशोधकांना यश आले व २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अळ्या ओह्रिडच्या पतंगाच्याच होत्या. सर्वांत जुना नमुना १८७९ चा, मध्य ग्रीसमधील, आणि संग्राहक थिओडोर फॉन हेल्डराइख. वृक्ष बाल्कनचा आहे हे ज्या मोहिमेने सिद्ध केले, त्याच मोहिमेच्या पानांत पतंगही बाल्कनचा असल्याचा पुरावा १३२ वर्षे पडून होता.

या साक्षीचे मोल जाणण्यासाठी तिचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. हेल्डराइख यांना अळीशी काही कर्तव्य नव्हते. त्यांना वृक्षाचे ठिकाण सांगावयाचे होते. एखाद्या बखरकाराने धन्याची कीर्ती वाढविण्यासाठी मजकूर रचावा तसा हा पुरावा कोणी रचलेला नाही. हिशेबाच्या वहीत दुष्काळाची नोंद सहजगत्या उमटावी, तशी ही अळी पानात उमटली. उलट, संग्राहक सहसा निरोगी, सुबक फांदी निवडतो व किडलेली टाकून देतो. म्हणजे जी चट्टेदार पाने पत्रांवर उरली, ती संग्राहकाच्या आवडीच्या विरुद्ध उरली. म्हणूनच एखाद्या पत्रावर चट्टा नसणे याचा अर्थ त्या काळी त्या ठिकाणी पतंग नव्हता, असा काढता येत नाही.

या संग्रहांनी आणखी एक गोष्ट उघड केली. आज जिवंत पतंगांत न आढळलेले काही आनुवंशिक प्रकार जुन्या अळ्यांत मिळाले. तसेच, पतंगाचे स्थानिक उद्रेक किमान १९६१ पासून होत असल्याचे दिसले. मग तो त्यापूर्वी प्रकाशात का आला नाही? रानटी राई दुर्गम घळींमध्ये होत्या व तेथे कीटकशास्त्रज्ञ क्वचितच जात. पतंगाच्या विविध आनुवंशिक प्रकारांच्या प्रमाणात झालेले बदल या भागातील रस्त्यांच्या बांधणीशी निगडित असावेत, असे संशोधकांनी सुचविले आहे. ही सूचना संभाव्य आहे, सिद्ध नाही. परंतु लिन्झपासून विम्बल्डनपर्यंतच्या पुढील प्रवासाशी ती सुसंगत आहे. घळीतला वृक्ष चारशे वर्षांपूर्वी बियांच्या रूपाने बाहेर पडला. त्याच्या पानात राहणारा पतंग मात्र मागे राहिला, आणि चाकांची वाट मिळाल्यावर निघाला. मध्यंतरी त्याच्यासाठी खंडभर झाडे लावून ठेवली गेली होती.

परिणाम

मूलस्थान निश्चित झाल्यामुळे दुसऱ्या खंडातून शत्रू आणण्याच्या कल्पनेचा आधार संपला. मूळ गावीच ज्याला पुरेसा शत्रू नाही, त्याच्यासाठी तो कोठून आणावयाचा? ब्रिटनमध्ये २०१० पासून हजारो सामान्य नागरिकांनी, त्यांत अनेक शालेय विद्यार्थ्यांनी, पाने तपासून नुकसानीच्या नोंदी पाठविल्या. त्यांवरून असे दिसले, की पतंग एखाद्या ठिकाणी पोहोचल्यापासून तीन वर्षांतच नुकसान कमाल पातळी गाठते. परजीवी गांधीलमाश्या काळानुसार वाढतात, परंतु पतंगाला आवर घालण्याइतक्या नव्हे.

पतंगामुळे झाड सहसा मरत नाही. वर्षानुवर्षे पाने लवकर गेल्याने त्याच्या बिया मात्र लहान व हलक्या होतात. शहरातील उद्यानात याने विशेष बिघडत नाही, कारण तेथे झाडे रोपवाटिकेतून येतात. काही ठिकाणी पर्याय म्हणून हिमालयातील पांगर लावला जातो. त्याच्या पानांवर पतंगाची मादी अंडी घालते, पण अळ्या लहानपणीच मरतात. जो वृक्ष एकेकाळी हॉर्स-चेस्टनटच्या मूलस्थानाच्या वादात चुकून ओढला गेला, तो आता त्याच्या जागी उभा राहत आहे.

रानात परिस्थिती निराळी आहे. तेथे वृक्षाची पुढील पिढी त्याच लहान झालेल्या बियांवर अवलंबून असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय वृक्षांच्या लाल यादीत हॉर्स-चेस्टनटची नोंद 'असुरक्षित' या वर्गात करण्यात आली व त्यासाठी पानपोखर पतंग, वृक्षतोड आणि वणवे ही कारणे देण्यात आली. व्हिएन्ना वा बर्लिनमध्ये नगरपालिकेचे कामगार व स्वयंसेवक दर शरदात पाला उचलतात. पिंडसच्या उतारांवरील घळींत, जेथून हा वृक्ष व हा पतंग दोघेही आले, तेथील पाला उचलणारे कोणी नाही; तो झाडाखालीच पडून राहतो आणि मे महिन्यात त्यातून पतंग बाहेर येतात.